दहाचा पाना

भामाबाई बिरादारांनी एकसष्टाव्या वर्षी स्वतःसाठी पाने-पकडीचा संच घ्यायचं मनावर घेतलं, त्याला कारण झाली हैदराबादची नामपल्ली. म्हणजे नामपल्लीचा काही दोष नाही हो. रस्ता आपला जागच्या जागी होता. भामाबाईंच्या राखाडी स्कूटरनं मात्र सकाळी साडेदहा वाजता, स्टेशनसमोर, मागं एक बस आणि तेरा ऑटो असताना अंग टाकलं. महिन्यातली ही तिसरी खेप. तेरा ऑटोवाल्यांनी तेरा प्रकारे हॉर्न वाजवला, आणि भामाबाई हेल्मेटच्या आतून सगळ्यांना "हौ हौ, जाते, जाते" म्हणत गाडी ढकलत कडेला आल्या.

संध्याकाळी मुलगा आला. तेजस त्याचं नाव, कोंडापूरला राहतो, कंप्यूटरच्या कंपनीत आहे आणि आईवडिलांच्या बाबतीत फार लवकर निर्णय घेतो.

"आई, बस्स झालं. गाडी मी विकायला टाकतो. तुझ्या फोनमध्ये ॲप टाकून देतो. बोट दाबलं की कॅब दारात."

"आणि बोट दाबायच्या आधी तुला विचारू का, कुठं जाऊ म्हणून?"

"तसं नाही गं आई."

"तसंच आहे."

एकनाथराव, म्हणजे भामाबाईंचे यजमान, मध्ये पडतील असं वाटलं होतं. ते पडले, पण नको त्या बाजूला. "पोरगा बरोबर बोलायला," ते म्हणाले, "वयाचा पण विचार करावा माणसानं." स्वतः सदुसष्टचे. पाटबंधारे खात्यातून रिटायर झालेले, मूळचे औरादकडचे, सणवार-सोवळंओवळं काटेकोर पाळणारे. बायको स्कूटर शिकली त्याला बावीस वर्षं झाली, पण हा गृहस्थ तिच्या मागच्या सीटवर एकदाही बसलेला नव्हता. "औरादच्या मामांनी बघितलं तर काय म्हणतील?" मामांना जाऊन अकरा वर्षं झाली होती, आणि असतानाही ते हैदराबादेत एकदाच, डोळ्याच्या ऑपरेशनला आले होते. डोळ्यांना पट्टी होती.

जामबागेतल्या शाळेत भामाबाईंनी बत्तीस वर्षं गणित शिकवलं. रिटायर झाल्या तशी शाळा गेली, घंटा गेली, "नमस्ते टीचर" म्हणून रस्त्यात वाकणारी पोरं हळूहळू मोठी होऊन कुठं कुठं गेली. राहिली ती गाडी. तिच्यावर बसलं की आपण अजून कुणीतरी आहोत असं त्यांना वाटायचं. एवढं साधं होतं ते, आणि तेवढंच मुलाला सांगता येत नव्हतं.

म्हणून त्यांनी गणिताच्या टीचरसारखी अट घातली. "दसऱ्याला मी या गाडीवरून, बाराच्या आत, तुझ्या दारात सोनं द्यायला येणार. आले तर गाडी माझी. पुन्हा विषय काढायचा नाही. नाही आले तर वीक. आणि ऐक, दुरुस्ती मी करणार. तीन मेकॅनिक झाले, प्रत्येकानं आधीच्याला नावं ठेवली आणि गाडी होती तशी परत दिली. आता चौथी मी."

तेजसनं वडिलांकडं बघितलं. वडील छताकडं बघत होते. "ठीक आहे," तेजस म्हणाला, आणि त्याच रात्री दसऱ्याच्या दुपारी बाराचं गिऱ्हाईक ठरवून मोकळा झाला. पोरगा कुणाचा आहे शेवटी!

हातात पाच आठवडे होते, आणि घरातली एकूण हत्यारं म्हणजे एक हातोडी आणि दुधाच्या पिशव्या कापायची कात्री.

फोनवर शोधायला बसल्या तर डोळे फिरले. सेहेचाळीस तुकड्यांचा संच, ब्याऐंशी तुकड्यांचा, दोनशे सोळा तुकड्यांचा. सगळे चकाचक, सगळे स्वस्त, सगळे आजच्यापुरतेच स्वस्त. खाली लोकांनी अभिप्राय लिहिलेले. एका भल्या माणसानं लिहिलं होतं, पहिल्याच नटाला पाना वाकला, पण डबा फार सुंदर आहे. त्याला पाच तारे दिले होते त्यानं! भामाबाई रोज जेवण झालं की यादी करायच्या आणि रोज सकाळी फाडायच्या. पंधरा दिवस असेच गेले.

आणि मग एके दिवशी दारात खोकं आलं. एकनाथरावांनी मागवलं होतं, बायकोला न विचारता.

"एकशे आठ!" त्यांचा चेहरा नुसता फुलला होता. "अगं आकडा बघ की आकडा! जपमाळेचे मणी किती? एकशे आठ. सगळ्या संचांमधे हाच एक निघाला तसा. आणि किंमत ऐकशील तर..."

"अहो, पण त्यात आहे काय काय?"

"एकशे आठ वस्तू आहेत म्हटलं ना!"

आता तुम्हीच सांगा, जपाच्या आकड्यावरून पाने निवडणारा माणूस दुनियेत दुसरा कुठं सापडेल? पण हा गृहस्थ गाडी विका म्हणणाऱ्यांच्या बाजूचा असूनही बायकोसाठी हत्यारं मागवून बसला होता, हे भामाबाईंच्या लक्षात आलं आणि त्यांना राग आणावा की हसावं कळेना. त्यांनी लाल डबा उघडला. झाकण उघडताच अर्धे तुकडे आपापल्या खाचांतून उडी मारून फरशीवर पसरले आणि दोघं नवराबायको कोचाखाली हात घालून गोळा करत बसली. मग टीचरांनी मोजले. एकशे सात भरले. पुन्हा मोजले. एकशे सातच.

"एक कमी आहे."

एकनाथराव कागद घेऊन बसले, वाचता वाचता थांबले. "डबा धरलाय त्यांनी मोजायला."

"डबा?"

"असू दे की. डबा म्हणजे मेरुमणी समज."

भामाबाई हसून हसून फरशीवरच बसल्या. एकशे सातातले पन्नास तर पेचकसाला लावायचे नखाएवढे तुकडे होते, वीस-बावीस असल्या आकारांच्या गोट्या होत्या, म्हणजे नटाच्या डोक्यावर टोपीसारख्या बसवायच्या त्या, की तसले नट ट्रकलाच असावेत. दहाचा पाना गाडीच्या नटाला लावून पाहिला तर तो सैल, खडखड वाजायला लागला. जोर दिला तशी नटाची कड सोलली. आणि प्लग काढायचा पाना, जो स्कूटरवाल्याला सगळ्यात आधी लागतो, तो एकशे सातात कुठंच नव्हता.

दुसऱ्या दिवशी त्या ट्रूप बाजारात गेल्या. तिथं हत्यारांच्या दुकानांची रांगच आहे. त्यातल्या सगळ्यात अरुंद दुकानात शिरल्या, कारण त्याच्या मालकानं हाक मारली नव्हती. मालकाचं नाव जहीरभाई. दाढी पांढरी, बोटं काळी.

"क्या होना अम्मा?"

"स्कूटरसाठी पान्यांचा संच. स्वस्तातला, पण टिकाऊ."

"कित्ते नटां हैं गाडी को?"

भामाबाईंनी ते कधी मोजलेच नव्हते. "कौन कौन से नंबर के?" तेही ठाऊक नव्हतं. जहीरभाई हसले नाहीत, पण चहा मागवला. "ऐसा नक्को करो अम्मा. पैले गाडी को पूछो उसको क्या होना, फिर मेरे पास आओ. डब्बा देख के लिए तो डब्बाच मिलता."

भामाबाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. बत्तीस वर्षं पोरांना ओरडून सांगितलं होतं, आधी दिलेलं काय आहे ते लिही, मग काय काढायचंय ते लिही. आणि स्वतः दिलेलं न लिहिताच थेट उत्तराच्या मागं लागल्या होत्या! नारायणगुड्याला परत आल्या त्या तडक घराखालच्या पार्किंगमध्ये. कंपासपेटीतलं कर्कटक घेतलं, फूटपट्टी घेतली, आणि गाडीच्या भोवती बसकण मारून, एकेक नट कर्कटकाच्या दोन टोकांत धरून मापायला लागल्या. दुसऱ्या मजल्यावरच्या रेड्डीणबाईंना वाटलं टीचरांची अंगठी पडली. त्याही खाली येऊन शोधू लागल्या.

दोन दिवसांनी जहीरभाईंच्या गल्ल्यावर आलेखाचा कागद पसरला. आठचे नट इतके, दहाचे इतके, बाराचे, चौदाचे, सतराचे. दहाचा खांब कागदाबाहेर जायला बघत होता. निम्म्याहून जास्त गाडी दहाच्याच पान्यानं उघडते, हे भामाबाईंनी लाल पेन्सिलीनं लिहिलं होतं.

जहीरभाईंनी कागद उजेडाकडं धरला. मग शेजारच्या दुकानदाराला हाक मारली, मग समोरच्याला. "तीस साल में पैली बार कोई नटां का नक्शा लेके आया!" तिघांनी मिळून तो नक्शा वाचला. त्यानंतर निवड अशी सुरू झाली की सोन्याच्या दुकानातही कुणी करत नसेल. भामाबाईंनी पर्समधून गाडीचा दहाच्या डोक्याचा एक बोल्ट काढला. सोबतच आणला होता, रुमालात बांधून. जहीरभाई पाने काढत गेले, त्या प्रत्येक पाना बोल्टवर बसवून हलवून बघत गेल्या. हा हलतो, नको. याच्यावर नंबर रंगानं लिहिलाय, ठोकलेला नाही, उद्या पुसून जाईल, नको. हा चमकतो फार, पण कडेचा मुलामा आत्ताच सुटायला लागलाय, नको. आठवा पाना असा बसला की बोल्ट उलटा धरला तरी पाना खाली पडेना.

"ये," भामाबाई म्हणाल्या.

"ये," जहीरभाई म्हणाले, "दहा का पाना है अम्मा. संभाल के. सब से ज्यादा येईच गुम होता."

शेवटी अकरा वस्तू झाल्या. एका टोकाला उघडे आणि दुसऱ्या टोकाला बंद कडं असलेले पाच पाने, प्लगपाना, दोन पेचकस, एक पक्कड, तारेचा ब्रश आणि एक छोटा टॉर्च. डबा नाही, झाकण नाही. लाल डब्यापेक्षा थोडे जास्त पैसे लागले, पण ते एकदाच लागले. घरी येऊन भामाबाईंनी एकनाथरावांची जुनी खाकी पँट कापली आणि कप्पे शिवून हत्यारांची गुंडाळी केली.

"ती पँट मी घालत होतो!"

"कधी?"

एकनाथराव आठवायला लागले. अजून आठवतायत.

मग काय विचारता! गाडीचं पोट उघडलं. प्लग निघाला तो काजळीनं काळाठिक्कर. हवेची गाळणी निघाली, तिच्यात नारायणगुड्याची तीन वर्षांची धूळ. तीन मेकॅनिकांपैकी एकानंही ती उघडलेली नव्हती! भामाबाईंनी गाळणी नवी बसवली, प्लग नवा बसवला, पेट्रोलच्या नळीची सैल पट्टी आवळली. उरलेला एकही नट नव्हता, हे त्यांनी नक्शावर टिक करून पाहिलं. बटण दाबलं. गाडी सुरू झाली ती अशी गुणगुणत की भामाबाई पार्किंगमध्ये एकट्याच टाळ्या वाजवायला लागल्या. आठवडाभर त्या नुसत्या हिंडल्या. नारायणगुडा, हिमायतनगर, जामबाग, पुन्हा नारायणगुडा. जहीरभाईंना पेढे देऊन आल्या. गाडी एकदाही थांबली नाही.

"बसता का मागं?" त्यांनी गॅलरीतल्या एकनाथरावांना खालून विचारलं.

"नक्को!" वरून उत्तर आलं. हा माणूस गॅलरीत इतका वेळ काय करतो, असा विचार त्यांच्या मनात आला आणि गेला.

खंडेनवमी उजाडली. आणि आता या गोष्टीतला खरा घोटाळा.

खंडेनवमीला घरातली हत्यारं पुजायची, ही रीत. औरादेत नांगर, कुळव, विळे पुजले जात. हैदराबादेत एकनाथरावांच्या वाट्याला इतकी वर्षं विळी, कात्री आणि ती एक हातोडी येत होती. यंदा एकशे सात! माणूस पहाटे पाचला उठला. आधी गाडीची पूजा म्हणून गाडी धुवायला घेतली. आणि कशी धुवावी? वॉचमन टाकी धुतो तो पाइप लावला आणि गाडीला पुढून, मागून, खालून, सीट उघडून आतून, देवाला घालतात तसं स्नान घातलं. मग झेंडूची माळ. मग वर येऊन पाटावर लाल वस्त्र, त्यावर एकशे सात तुकडे ओळीनं मांडले, प्रत्येकाला हळद, प्रत्येकाला कुंकू, प्रत्येकावर एक अक्षता. बारा वाजले. भामाबाईंची गुंडाळीही शेजारी उलगडून ठेवली होती, अकराच्या अकरांना कुंकू लागलं होतं.

"आता हात लावायचा नाही," एकनाथराव म्हणाले. "उद्या दुपारी विजय मुहूर्त साधून उत्तरपूजा. तोवर पुजलेलं हत्यार हलवायचं नाही. आमच्याकडं नाही चालत."

"कुणाला हलवायचंय?" भामाबाई म्हणाल्या. गाडी ठणठणीत होती ना!

दसऱ्याला सकाळी साडेनऊ. भामाबाई नवी साडी, पर्समध्ये जम्मीची पानं. इथं दसऱ्याला सोनं म्हणून आपट्याची नाही, जम्मीची म्हणजे शमीची पानं देतात, कोपऱ्यावरची बाई विकायला बसते. खाली येऊन बटण दाबलं. गाडी खरखरली. पुन्हा दाबलं. खरखर. किक मारली, पंधरा वेळा मारली, साडीचा पदर खोचून मारली. माळेतले झेंडू गळून पडले, गाडी काही सुरू झाली नाही.

फोन वाजला. तेजस. "आई, ते गिऱ्हाईक बाराला येतंय हां नारायणगुड्याला. तू निघालीस का?"

"निघालेच," भामाबाई म्हणाल्या आणि फोन ठेवला. आयुष्यात पहिल्यांदाच मुलाशी खोटं बोलायची वेळ आली होती. डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या, लपवून काय उपयोग! पाच आठवडे, आलेख, जहीरभाईंचा चहा, सगळं काल चालत होतं आणि आज बंद. तेजसच्या ॲपमधली ती कॅब त्यांच्या डोळ्यांसमोर दारात येऊन उभी राहिली.

पण बत्तीस वर्षांची सवय. आधी दिलेलं काय ते लिही. काल चालत होती. आज चालत नाही. मधल्या वेळात काय झालं?

त्यांनी मान वर करून गॅलरीकडं बघितलं. एकनाथराव उभेच होते.

"अहो! काल पाइप कुठं कुठं मारलात?"

"सगळीकडं!" वरून अभिमानानं उत्तर आलं, आणि लगेच त्या अभिमानातली हवा गेली. "का गं?"

"प्लगमध्ये पाणी गेलंय! खोलून पुसावा लागेल! पेचकस द्या!"

मग एकनाथराव गॅलरीतून दिसेनासे झाले. भामाबाईंना माहीत होतं तिथं काय चाललं असेल. पुजलेलं हत्यार. आजोबांच्या काळापासूनची रीत. तिसऱ्या मजल्यावर सदुसष्ट वर्षांचा माणूस पाटासमोर हात जोडून उभा, एकीकडं औराद, दुसरीकडं बायको. त्या घड्याळाकडं बघत राहिल्या. दहाला दहा कमी.

तेवढ्यात वरून घंटी ऐकू आली. पूजेची घंटी! पाठोपाठ एकनाथरावांचा आवाज, घाईघाईतला, "पुनरागमनाय च!" आणि जिन्यात चपला फटाफट वाजू लागल्या. एकनाथराव धापा टाकत खाली आले. हातात एकच पेचकस.

"याची एकट्याची उत्तरपूजा केली," ते म्हणाले. "बाकीच्यांची मुहूर्तावर."

"अहो, एकट्याची? तशी करता येते?"

"देवीला सांगितलं, अडचण आहे म्हणून."

पेचकसानं बाजूचं झाकण निघालं. आत एक पट्टी, तिला नट. भामाबाईंनी हात पुढं केला. "दहाचा पाना."

एकनाथरावांनी डोळे मिटले. मग वळले आणि जिना चढू लागले. या इमारतीला लिफ्ट नाही, हे सांगायचं राहिलं. पहिला मजला, दुसरा, तिसरा. घंटी. पुनरागमनाय च. चपला. हातात पाना. भामाबाईंनी तो नटाला लावला आणि तो खडखड वाजला.

"अहो, हा लाल डब्यातला! तुमचा नाही, माझा!"

"दहाचा म्हणालीस!"

"दोन दहांत फरक असतो हो!"

पुन्हा पहिला मजला, दुसरा, तिसरा. दुसऱ्या मजल्यावर रेड्डीणबाई दार उघडून उभ्या राहिल्या आणि प्रत्येक खेपेला "अंकल, पाणी?" असं विचारू लागल्या. वॉचमन आला, दोन पोरं आली, समोरचा इस्त्रीवाला आला. घंटी वाजली की सगळे वर बघायचे. खरा दहाचा पाना खाली आला, कुंकवासकट. नटावर बसला तो गप्पकन. पट्टी निघाली. आता प्लग दिसू लागला.

"प्लगपाना," भामाबाई हळूच म्हणाल्या. त्यांना खरंच वाईट वाटलं.

एकनाथराव भिंतीला टेकले होते. पण या वेळी वर गेले ते लवकर आले नाहीत. घंटी वाजली, चांगली दणदणीत, पुष्कळ वेळ. मग ते खाली आले तेव्हा काखेत खाकी गुंडाळी होती, अख्खी.

"सगळ्यांचीच केली," ते म्हणाले. "देवीला म्हटलं, मुहूर्त तुझाच ना, थोडा अलीकडं घे. ती बाईच आहे, समजून घेईल."

प्लग निघाला. ओलाचिंब. भामाबाईंनी तो नव्या साडीच्या पदरानं पुसला, होय, नव्या साडीच्याच, प्लगवरची टोपी फुंकून कोरडी केली, सगळं होतं तसं बसवलं आणि बटण दाबलं. एकदा खरखर. दोनदा खरखर. तिसऱ्यांदा गाडी गुणगुणली. इस्त्रीवाल्यानं शिट्टी मारली, पोरं नाचली, रेड्डीणबाईंनी वरून कुठल्याशा कुंडीतलं फूल टाकलं ते वॉचमनच्या डोक्यावर पडलं. अकरा वाजले होते. कोंडापूर पाऊण तास.

भामाबाईंनी हेल्मेट घातलं. आणि मागची सीट दबली.

त्यांनी मान वळवली. एकनाथराव बसले होते. डोक्यावर हेल्मेट उलटं, मांडीवर खाकी गुंडाळी, एका हातानं मागची दांडी घट्ट धरलेली.

"वाटेत बंद पडली तर हत्यारं कोण देणार तुला?" ते म्हणाले. "नीघ आता."

लकडीकापूल मागं पडला. दसऱ्यामुळं रस्ता मोकळा होता. एका वळणावर त्यांनी दांडी सोडली आणि बायकोचा खांदा धरला. मग म्हणाले, मोठ्यानं, कारण वारा होता, "तू बाहेर गेलीस की मी गॅलरीतच असतो. येईपर्यंत. बंद पडली असेल का, कुणी धक्का दिला असेल का. म्हणून म्हणत होतो वीक म्हणून."

"बावीस वर्षं?"

"मग काय!"

भामाबाईंना रडू आलं आणि त्याच वेळी हसूही आलं, आणि ही दोन्ही कामं हेल्मेटमध्ये एकदम करणं फार अवघड असतं. त्यांनी वेग थोडा कमी केला. बारा वाजायला वेळ होता.

बाराला पाच कमी असताना तेजसनं दार उघडलं. समोर आई, साडीच्या पदराला काळे डाग, हात कोपरापर्यंत काळे, त्यावर मध्येमध्ये कुंकू. तिनं त्याच्या हातावर जम्मीचं पान ठेवलं. "सोनं घे." मग त्याला मागं वडील दिसले, हेल्मेट उलटं, पाय अजून फाकलेले.

"बाबा? तुम्ही मागं बसून आलात?"

"पुढं बसायला मला कुठं गाडी येते?" एकनाथराव म्हणाले. "त्या गिऱ्हाइकाला फोन कर आधी. नाही म्हणून सांग."

तेजसनं फोन केला. नाही म्हणून सांगितलं. आत श्रीखंडाच्या वाट्या तयार होत्या.

निघताना भामाबाईंनी गुंडाळी उलगडून मोजली. सवयच. दहा वस्तू. दहाच्या पान्याचा कप्पा रिकामा. "अहो! दहाचा पाना पडला वाटतं कुठं तरी! जहीरभाई म्हणालेच होते!"

एकनाथरावांनी उजवी मूठ उघडली. पाना तिच्यात होता. नारायणगुड्यापासून तो त्यांनी धरून ठेवला होता, जेवतानासुद्धा डाव्या हातात घेतला असणार. तळव्यावर त्याचा ठसा उमटला होता आणि ठशात कुंकू भरलं होतं.

"हा माझ्याकडं राहू दे," ते म्हणाले. "मी मागं बसणाराय आता रोज."